बोरीबंदर, व्ही.टी. आणि शासकीय नाम : एका स्थलनामाच्या वाङ्मयीन साक्षीविषयी

मुंबईतील ज्या रेल्वे-स्थानकाची वास्तू २००४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाली, त्या स्थानकाचे नाव काय, या साध्या प्रश्नाला मराठी भाषेत आज किमान चार उत्तरे संभवतात. बोरीबंदर, व्ही.टी., सी.एस.टी. आणि सी.एस.एम.टी. ही ती चार उत्तरे होत. त्यांतील कोणते बरोबर, हा वाद आजवर पुष्कळ झाला आहे आणि तो बहुतांशी अस्मितेच्या अंगाने झाला आहे. तो वाद निरर्थक आहे असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आपल्या नगरातील सर्वांत दर्शनीय वास्तूला कोणाचे नाव असावे हे ठरविण्याचा अधिकार कोणत्याही समाजास असतो, आणि तो बजावला गेला याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. परंतु वाङ्मयाच्या अभ्यासकासमोरचा प्रश्न निराळा आहे. संहितेत लेखकाने जे नाव वापरले, त्याचे अभ्यासकाने, संपादकाने आणि अनुवादकाने काय करावे? या प्रश्नाकडे आपल्याकडे पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही आणि त्यामुळे होणारी हानी वाटते त्याहून मोठी आहे, एवढे दाखविणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

आरंभ बोरीबंदरापासूनच केला पाहिजे. १६ एप्रिल १८५३ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची पहिली प्रवासी गाडी सुटली, ती बोरीबंदराहून ठाण्यास. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने आणि एकवीस मैलांचे अंतर, हा तपशील शालेय पुस्तकांनी पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांच्या मनावर बिंबविला आहे. आज जी भव्य वास्तू आपण पाहतो तिचा त्या वेळी मागमूसही नव्हता. स्थानक होते ते साधे, लाकडी बांधणीचे. त्याला स्वतंत्र असे नाव देण्याची गरजही कोणाला भासली नसावी. बंदर जवळ होते, त्याला बोरीबंदर म्हणत, म्हणून स्थानक बोरीबंदरचे.

या नावाच्या व्युत्पत्तीविषयी दोन समजुती रूढ आहेत. एक अशी की, मालाच्या बोऱ्या, म्हणजे गोणी, येथे उतरत व साठविल्या जात म्हणून हे बोरीबंदर. दुसरी अशी की, बोरीच्या झाडांवरून हे नाव पडले. यांपैकी कोणत्याही एका व्युत्पत्तीचा आग्रह न धरता एक गोष्ट निदर्शनास आणावीशी वाटते. धान्याच्या पिशवीस मराठीत सहजपणे येणारे शब्द गोणी आणि पोते हे आहेत. ‘बोरी’ हा त्या अर्थी हिंदी-गुजराती भाषकाच्या तोंडी अधिक सहज येणारा शब्द होय. उलट मराठी भाषकाच्या कानाला ‘बोरी’ म्हटले की ‘बोरीबाभळी’ आठवतात. बोरी नावाची गावे आठवतात. आणि मुंबईच्याच उत्तरेस असलेली बोरिवली आठवते. म्हणजे एकच नाव मुंबईच्या व्यापाऱ्याला मालाचे आणि कोकणातून अथवा घाटावरून आलेल्या माणसाला झाडाचे वाटावे, अशी त्याची घडण आहे. लोकनाम टिकते त्याचे एक कारण हेच असते. प्रत्येक भाषक त्यात आपला अर्थ पाहू शकतो. ‘बंदर’ हा शब्द मुळात फारसी. परंतु तो मराठीत इतका मुरला की कोणाला त्याचे परकेपण जाणवत नाही. तेव्हा बोरीबंदर हे ‘शुद्ध’ मराठी नाव आहे असा दावा करणाऱ्यांनीही जरा जपूनच बोलले पाहिजे.

स्थानकाची विद्यमान वास्तू उभारण्यास १८७८ साली प्रारंभ झाला. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी युरोपीय गॉथिक शैली आणि भारतीय कोरीवकाम यांचा जो मेळ घातला, त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे; त्यात पडण्याचे येथे प्रयोजन नाही. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचे सुवर्णमहोत्सवी वर्ष. त्या निमित्ताने स्थानकास ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव देण्यात आले. येथे एक गोष्ट विसरली जाते. ‘व्ही.टी.’ हे आज जुन्या पिढीला लोकांचे, आपुलकीचे नाव वाटत असले, तरी जन्माने ते शासकीय नाव आहे, आणि तेही राज्यकर्त्यांच्या उत्सवासाठी योजलेले. १९९६ नंतर वृत्तपत्रांतून, विशेषतः इंग्रजी वृत्तपत्रांतून, ‘व्ही.टी. हेच खरे, लोकांच्या तोंडचे नाव’ अशी जी हळहळ व्यक्त झाली, तिच्यात हा विसर स्पष्ट दिसतो. व्ही.टी.ने ज्याला बाजूस सारले ते बोरीबंदर हे नाव त्या हळहळीत क्वचितच आले. गंमत अशी की, स्थानकासमोरच कचेरी असलेल्या इंग्रजी वृत्तपत्राचे, ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे, रूढ टोपणनाव ‘बोरीबंदरची म्हातारी’ असे आहे. आपल्या अंगणाचे जुने नाव इंग्रजी पत्रकारितेनेही असे जपून ठेवले होते.

मग व्ही.टी. लोकांचे कसे झाले? याचे उत्तर त्या नावाच्या संक्षेपात आहे. ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे पूर्ण नाव सामान्य मराठी बोलण्यात कधी फारसे रुळले नाही. रुळली ती दोन अक्षरे. आणि या दोन अक्षरांत राणी उरली नाही. व्ही.टी.ला उतरणारा गिरणी कामगार, कारकून किंवा कोळीण राणीचे स्मरण करीत नव्हती. व्याकरणाचीही साक्ष काढता येईल. गाडी स्थानकात शिरताना मराठी माणूस ‘व्ही.टी. आलं’ असे म्हणतो, ‘ठाणं आलं’, ‘दादर आलं’ म्हणतो त्याच चालीवर. राणीचे स्त्रीलिंग नपुंसकलिंगात विरघळून गेले. दर्शनी भागावरील घड्याळाखालच्या कोनाड्यात असलेला राणीचा पुतळा स्वातंत्र्यानंतर हलविण्यात आला. लोकांच्या जिभेने तो त्याआधीच हलविला होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

येथे विभक्तीचा एक मुद्दा ओघाने आला आहे तो नोंदवून ठेवतो, कारण भाषाभ्यासकांना त्यात रस वाटेल. परकी नामे मराठीत आली की बहुधा सामान्यरूप न होता प्रत्यय घेतात : ‘टर्मिनसला’, ‘टर्मिनसवर’. ‘टर्मिनसास’ असे कोणी म्हणत नाही. याउलट ‘बोरीबंदरास’, ‘बोरीबंदरावर’ ही रूपे मराठी लेखनात सहज बसतात. अर्थात सामान्यरूप न होणे हा परकेपणाचा निर्णायक पुरावा नव्हे. ‘दादरला’, ‘नाशिकला’ ही रूपेही विकाररहितच आहेत, आणि ‘नाशकास’ हे जुने रूप आता ग्रांथिक वाटते. तरीही एखादे नाव विकार पावते की नाही हे पाहणे, ते भाषेत किती खोल गेले आहे याचा अंदाज घेण्यास उपयोगी पडते.

१९९५ साली ‘बॉम्बे’चे अधिकृत नाव मुंबई झाले आणि १९९६ साली स्थानकाचे नाव ‘छत्रपती शिवाजी टर्मिनस’ असे झाले. २०१७ साली त्यात ‘महाराज’ हे पद जोडण्यात आले. या दुसऱ्या बदलामागील भावना समजण्यासारखी आहे. शिवछत्रपतींचे नाव एकेरी उच्चारले जाऊ नये ही मराठी मनाची स्वाभाविक अपेक्षा आहे. परंतु या निर्णयांनी प्रत्यक्ष बोलण्यात काय झाले? ‘सी.एस.टी.’ आणि नंतर ‘सी.एस.एम.टी.’ अशी रोमन आद्याक्षरांची जुळणी तेवढी लोकांच्या तोंडी आली. ज्या संक्षेपाने व्हिक्टोरिया राणीला विस्मृतीत ढकलले, त्याच संक्षेपाने आता छत्रपतींचे नाव झाकले. देवनागरीतील ‘छशिमट’ हा संक्षेप लेखी कोठे कोठे दिसतो, पण बोलण्यात तो चालला नाही. आणि तो चालला असता तरी त्यातून महाराजांचे नाव कानी पडले असते असे नव्हे. गौरवासाठी दिलेले नाव जितके लांब, तितका त्याचा संक्षेप होण्याचा संभव अधिक, हा भाषाव्यवहाराचा नियमच आहे. नामकरणाचा विचार करणाऱ्यांनी निदान तो ध्यानी घ्यावयास हवा होता. आणि ‘टर्मिनस’? राणीबरोबर आलेला हा लॅटिन शब्द राणी गेल्यावरही जागचा हलला नाही. परकीय नाव पुसण्याच्या उत्साहात त्याच्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, याचे मराठीच्या अभ्यासकास नवल वाटल्यावाचून राहत नाही.

ज्या महापुरुषाचे नाव स्थानकास दिले गेले, त्याच्याच कारकिर्दीतील नामकरणाचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. शिवाजी महाराजांनी नामांचा व शब्दांचा विचार फार जाणीवपूर्वक केला. राज्यकारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ त्यांच्याच आज्ञेने सिद्ध झाला. किल्ल्यांना त्यांनी नवी नावे दिली. मुरुंबदेवाच्या डोंगराचा राजगड झाला, रायरीचा रायगड झाला, आणि ही नावे इतकी रुजली की जुनी नावे आज इतिहासाच्या अभ्यासकांनाच ठाऊक असतात. परंतु तोरण्यास दिलेले ‘प्रचंडगड’ हे नाव मात्र ग्रंथांतच राहिले. गिर्यारोहक, गावकरी आणि शाळकरी मुले आजही तोरणाच म्हणतात. चाकणच्या किल्ल्याचे ‘संग्रामदुर्ग’ हे नावही असेच कागदावर राहिले, चाकण हे चाकणच राहिले. नाव देणारा तोच, हेतू तोच, काळही जवळपास तोच. मग फळ निराळे का? आमच्या मते त्याचे कारण असे की, राजगड आणि रायगड येथे नावाबरोबर स्थळही बदलले. दोन्ही ठिकाणी राजधानी वसली, वाडे उठले, माणसे आली, घटना घडल्या. नव्या नावाला नवे वास्तव मिळाले. तोरण्यावर असे काही त्या प्रमाणात घडले नाही, तेव्हा लोकांना नव्या नावाची निकड भासली नाही.

हाच निकष मुंबईस लावून पाहावा. १८८७ साली नाव बदलले तेव्हा नवी वास्तू उभी राहत होती, आणि म्हणून ‘व्ही.टी.’ लवकर रुजले. फ्लोरा फाउंटन येथे २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, माणसे पडली, पुढे तेथे स्मारक उभे राहिले. म्हणून ‘हुतात्मा चौक’ हे नाव मराठी तोंडात केवळ पाटीमुळे आलेले नाही, ते तेथे सांडलेल्या रक्तामुळे आले आहे. १९९६ साली मात्र व्ही.टी. स्थानकात काहीच बदलले नव्हते. तेच फलाट, तीच घड्याळे, तीच गर्दी. त्यामुळे नवे नाव तिकिटावर, फलकावर आणि ध्वनिक्षेपकावर आधी आले, आणि तेथून ते हळूहळू बोलण्यात उतरले. ते उतरले हेही मान्य केले पाहिजे. ज्यांचा जन्म १९९६ च्या आसपास वा नंतर झाला त्यांच्या तोंडी ‘सी.एस.टी.’ हे कृत्रिम नाही, ते त्यांचे बालपणापासूनचे नाव आहे. ‘लोक शासकीय नाव कधीच स्वीकारीत नाहीत’ असे जे सरसकट विधान केले जाते ते म्हणूनच चूक आहे. लोक स्वीकारतात; पण आपल्या सवडीने आणि आपल्या उच्चारात.

आता वाङ्मयाकडे वळू. वरील विवेचनावरून एक गोष्ट उघड होते की, या स्थानकाचे कोणते नाव एखाद्या पात्राच्या तोंडी येते यावरून त्या पात्राचे वय, त्याचा वर्ग आणि कथेचा काळ यांविषयी बरेच काही सांगता येते. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. त्या वेळी ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ हे नाव अस्तित्वातच नव्हते. ते अजून चोवीस वर्षे दूर होते. आचार्य आणि शिंगणे यांचा ‘मुंबईचा वृत्तांत’ १८८९ चा, म्हणजे नामकरणानंतर अवघ्या दोन वर्षांनी निघालेला. मुंबईविषयीचे हे दोन मराठी ग्रंथ बोरीबंदराच्या काळाच्या दोन टोकांवर उभे आहेत, आणि स्थलनामांच्या दृष्टीने त्यांचे शेजारी-शेजारी वाचन करणे हा एखाद्या शोधनिबंधाचा विषय होऊ शकेल. पुढील काळातील मुंबईचे मराठी साहित्य तर लोकनामांवरच पोसले आहे. भाऊ पाध्ये यांचा ‘वासूनाका’ (१९६५) किंवा नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ (१९७२) घ्या. ही शीर्षकेच मुळी नगरपालिकेच्या नकाशातून आलेली नाहीत. ती वस्तीच्या बोलण्यातून आली आहेत. त्यांच्या जागी त्या त्या भागाचे अधिकृत नाव घालून पाहावे, म्हणजे पुस्तकाचा प्राण कोठे आहे ते कळेल.

असे असताना संहितांचे पुनर्मुद्रण करताना, पाठ्यपुस्तकात उतारे घेताना किंवा अन्य भाषेत अनुवाद करताना स्थलनामे ‘अद्ययावत’ करण्याचा मोह होतो. हेतू चांगला असतो. विद्यार्थ्यास कळावे, वाचकाचा गोंधळ होऊ नये, कोणाच्या भावना दुखावू नयेत. पण परिणाम काय होतो? १९५० च्या दशकातील कथेतला कारकून जर ‘सी.एस.टी.’ला गाडी पकडू लागला, तर त्या कथेचा काळ मोडला. आणि त्याहून सूक्ष्म हानी अशी की, लेखकाने ‘व्ही.टी.’ न म्हणता जाणूनबुजून ‘बोरीबंदर’ म्हटले असेल, तर त्या निवडीमागचा अर्थही पुसला गेला. इंग्रजी अनुवादात ही हानी विशेष होते. मूळ मराठीत बोरीबंदर आणि व्ही.टी. अशी दोन नावे दोन निराळ्या पात्रांच्या तोंडी असतील, तर अनुवादक दोन्ही ठिकाणी एकच ‘व्हिक्टोरिया टर्मिनस’ घालतो, कारण त्याला ती एकाच वस्तूची दोन नावे वाटतात. वस्तू एकच असते. माणसे दोन असतात. आजोबा बोरीबंदर म्हणतो, मुलगा व्ही.टी. म्हणतो आणि नातू सी.एस.टी. म्हणतो, ही तीन वाक्ये एकाच घरात एकाच दिवशी उच्चारली जाऊ शकतात. कादंबरीकाराने तीन पिढ्यांमधील अंतर एवढ्या अल्प साधनांनी दाखविले, आणि संपादकाने ‘सुसंगती’साठी ते सपाट केले, तर दोष संपादकाकडेच जातो.

याला कोणी असा आक्षेप घेईल की, परकीय सत्तेच्या खुणा संहितेत जपून ठेवण्याने वसाहतवादी दृष्टीचेच संवर्धन होते. हा आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. पण तो संहितेला लागू पडत नाही. फलक आणि संहिता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फलक वर्तमानाचा असतो, तो बदलता येतो आणि प्रसंगी बदलावाही. संहिता मात्र दस्तऐवज असते. वि. का. राजवाडे यांनी ‘महिकावतीच्या बखरी’चे संपादन करताना त्यातील स्थलनामांचा इतिहासाचे साधन म्हणून विचार केला, ती नामे त्यांच्या काळच्या सरकारी रूपांत बदलून छापली असती तर साधनच हाती उरले नसते. शिवाय वसाहतवादाचा इतिहास लिहावयाचा तर राणीचे नाव लोकांनी कसे दोन अक्षरांवर आणले हेही सांगावे लागेल, आणि त्याचा पुरावा जुन्या कथा-कादंबऱ्यांतील ‘व्ही.टी.’ या शब्दातच आहे. युनेस्कोच्या यादीतही ही वास्तू नव्या नावाने नोंदली असून ‘पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस’ असा उल्लेख सोबत ठेवला आहे. एका आंतरराष्ट्रीय संस्थेस जे भान राहिले ते मराठीच्या संपादकास राहू नये, हे विचित्र होय.

हा प्रश्न एका स्थानकापुरता नाही, हे सांगावयास नको. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी हे २०१८ साली झाले. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने करी रोड, सँडहर्स्ट रोड, मरीन लाइन्स, चर्नी रोड, कॉटन ग्रीन यांसह मुंबईतील आणखी काही स्थानकांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला. त्यांपैकी करी रोडसाठी लालबाग, चर्नी रोडसाठी गिरगाव, कॉटन ग्रीनसाठी काळाचौकी ही सुचविलेली नावे लोकवस्तीची, चालती-बोलती आहेत, आणि या दृष्टीने तो विचार १९९६ च्या निर्णयाहून लोकनामाला अधिक जवळचा आहे असे आम्हांस वाटते. गिरगावातला माणूस गिरगावच म्हणत आला आहे. चर्नी रोड हे त्याच्या दृष्टीने स्टेशनचे नाव होते, गावाचे नव्हे. तरीही, ‘चर्नी रोडला उतरून चालत आलो’ असे वाक्य असलेल्या शेकडो मराठी कथा आपल्या ग्रंथालयांत आहेत, आणि त्यांचे पुनर्मुद्रण होतच राहणार आहे.

तेव्हा काही व्यावहारिक सूचना करणे अगत्याचे वाटते. संहितेतील स्थलनाम लेखकाने छापले तसेच, त्याच्या लेखनभेदासह, ठेवावे. ‘बोरी बंदर’ असे तोडून लिहिले असेल तर ते जोडू नये. आजचे नाव तळटीपेत, वर्षासह द्यावे. पाठ्यपुस्तकात तळटीप नको असेल तर उताऱ्याखालील शब्दार्थांत ते देता येईल; विद्यार्थी तेवढे सहज समजून घेतो. आपल्या कोशपरंपरेने विशेषनामांना बहुधा बाहेर ठेवले, त्यामागे शास्त्रीय कारण होते; परंतु बोरीबंदर, व्ही.टी. यांसारखी नावे आता केवळ विशेषनामे राहिलेली नाहीत, त्यांना प्रयोगाचा इतिहास आहे. त्यांच्यासाठी मुंबईच्या स्थलनामांचा एक स्वतंत्र, साहित्यातील अवतरणांवर आधारलेला कोश करणे हे विद्यापीठीय मराठी विभागाच्या आवाक्यातील काम आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांनी प्रत्येकी एकेक कादंबरी किंवा कथासंग्रह वाचून त्यातील नावे, त्यांची विभक्तिरूपे, ती कोणाच्या तोंडी आहेत आणि पहिल्या आवृत्तीचे वर्ष एवढीच माहिती पत्त्यांवर उतरविली, तरी चार-पाच वर्षांत भरीव साधन जमेल. मात्र ही नोंद पहिल्या आवृत्तीवरूनच व्हावी. उत्तरकालीन आवृत्तींवर विसंबल्यास, ज्या बदलांची आपण तक्रार करीत आहोत तेच बदल मूळ प्रयोग म्हणून कोशात शिरतील.